माणूस काढून मिळणार नाही

हिवराळेमामा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते नेलपेंट मागायला.

पुंडलिकनगरात मेन रोडवरून आत वळलं की ओळीनं गाळे आहेत. त्यातला एक माझा, ब्लाउज शिवायचा. शेजारचा गाळा बरेच दिवस बंद होता. एका सकाळी तिथं टेंपो येऊन थांबला आणि गोधड्यांत गुंडाळलेली जड यंत्रं उतरायला लागली. उंच, काळासावळा, पांढऱ्या जाड मिशांचा एक माणूस हमालांवर ओरडत होता, "अरे, बाळंतीण हाय ती, बाळंतीण! अशी उतरवतात व्हय?"

दुपारी तोच माणूस माझ्या काउंटरपाशी आला. केस नुकतेच विंचरलेले, शर्टाच्या खिशात कंगवा.

"ताई, नेलपेंट ठेवता का? लाल पायजे, गुलाबी पायजे, अन्‌ एक तो वांग्याच्या रंगाचा."

मी अस्तर, फॉल, बटणांबरोबर टिकल्या-नेलपेंटही ठेवते. बाटल्या काढता काढता मी विचारलं, "मामींसाठी का?"

"मामी कुठली लावते! वायरींना लावायचंय."

मला वाटलं चेष्टा करतात. संध्याकाळी डोकावले तर हा साठीचा माणूस जमिनीवर मांडी घालून खरंच वायरींच्या टोकांना नेलपेंट लावत बसला होता. लोखंडी मांडणीवर तीन मोठी कॅसेटची यंत्रं, समोर टेबलावर दोन जुने टीव्ही, आणि मधोमध बटणांची एक पाटी, तिच्यावर फिरवायची गोल चकती. यंत्रांच्या पाठीमागे वायरींचं जंगल. जिथं जी वायर जायची तिथं यंत्रावरही त्याच रंगाचा ठिपका.

"रंगाला रंग," मामा म्हणाले. "म्हंजे चूक व्हायचीच नाय."

चूक करायला दुसरं कुणी नव्हतंच. त्या वायरींना मामांशिवाय कुणी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. एकदा लाइटवाल्या पोराने एक वायर सहज ओढून बाजूला केली, तर मामा असे कडाडले की तो शिडी तिथंच टाकून बाहेर आला. "वायर ओढू नाय! डोकं धरून काढावं!" हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवत. माझ्या शिलाई मशीनची पिन मी वायरीला धरून उपटायचे, तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ताई, डोकं धरून!" त्यांना ते कसं कळायचं, देव जाणे.

यंत्रांना त्यांनी नावं ठेवली होती. थोरली, मधली, धाकटी. थोरली आणि मधली कॅसेट दाखवायच्या, धाकटी त्यातलं हवं तेवढं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. आणि ती बटणांची पाटी तिघींना हुकूम सोडायची. मामांनी मला एकदा कौतुकानं करून दाखवलं. त्यांनी बटण दाबलं तशा यंत्रांतल्या कॅसेटी घर्रकन मागं गेल्या, क्षणभर थांबल्या आणि मग बरोबरच पुढं सुटल्या.

"बघा, आधी मागं जातात. वेग धरायला. वेग जुळला की धाकटी पकडती. एक जरी दमली ना, तर सांधा दिसतो."

"अन्‌ जुळलं तर?"

"तर कुणाच्या बापालासुद्धा कळत नाय की इथं कापलंय."

हे सांगताना त्यांना केवढा अभिमान वाटत होता! लग्नाच्या कॅसेटींचा जमाना जोरात होता तेव्हा शहरातल्या एका मिक्सिंग सेंटरवर मामांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. ते बंद पडलं तेव्हा मालकाने यंत्रं भंगारात काढली, ती मामांनी घरी आणली. आता लोक माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी घेऊन यायचे आणि पेनड्राइव्हवर करून न्यायचे. मामा आधी कॅसेटचं झाकण उचलून वास घ्यायचे. बुरशी असली की नाक मुरडून म्हणायचे, "पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवली होती. खोटं बोलू नका." मग फीत पुसायची, यंत्राचं हेड स्पिरिटनं पुसायचं, आणि मग कॅसेट लावायची. कंप्युटर त्यांच्याकडे होता, पण कापाकापी करायची असली तर ते ती यंत्रांवरच करत. कंप्युटरवर कापलं की हाताला काही लागत नाही, म्हणायचे.

गिऱ्हाइकं तिथं बसून रडायची. कुणाची गेलेली आई पडद्यावर पुरणपोळी लाटायची, कुणाचा भाऊ वरातीत नाचायचा. मामा सांत्वन वगैरे करायचे नाहीत. "रडा, पण मशिनीपासून लांब," एवढंच म्हणायचे.

माणसं मात्र त्यांना पडद्यावरून कळायची. एकदा खुलताबादच्या एका घरातली कॅसेट लागली होती. मी चहा द्यायला गेले (चहा दारात द्यायचा, आत नाही), तर मामा म्हणाले, "या दोघा भावांत बोलणं नाय."

"कशावरून?"

"पंगत बघा. थोरला वाढायला आला की धाकटा पाणी प्यायला लागतो. दरवेळी."

मी पाहिलं. खरंच. सनई वाजत होती, सगळे हसत होते, आणि वाढणारा जवळ आला की तो धाकटा पेला तोंडाला लावत होता. मामा म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर लोक हसतात. पण लग्न लई लांब असतं ताई. तेवढा वेळ कुणालाच हसता येत नाय."

आता भिंतीवरच्या पाटीबद्दल. मामांच्या गाळ्यात, दारातून शिरताच समोर दिसेल अशी, पत्र्याची एक पाटी होती. स्वतःच्या हातानं रंगवलेली: इथे कॅसेटमधून माणूस काढून मिळणार नाही.

मला ती पाटी विनोदी वाटायची. माझ्याकडे येणाऱ्या बायका ती वाचून हसायच्या. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, ऊन रणरणत होतं, मामा माझ्या दारातल्या सावलीत स्टूल टाकून बसले होते. मी विचारलं, "मामा, माणूस काढायला येतं का हो कुणी खरंच?"

"लई येतात," मामा म्हणाले. "सोडचिठ्ठी झाली, काढा. भांडण झालं, काढा. पयली बायको काढा, दुसरी बघायला मागती."

"मग काढत नव्हतात?"

"काढत होतो की. माझ्याइतकं साफ कुणीच काढत नव्हतं." ते रस्त्याकडे बघतच बोलायला लागले.

ते सेंटरवर होते तेव्हाची गोष्ट. एका घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट परत आली. तिचे वडील आणि चुलते आले होते. नवरीची धाकटी बहीण काढायची होती. कल्पना तिचं नाव. मामांनी कारण विचारलं नाही, कुणीच विचारत नसे. त्यांनी ती जिथं जिथं दिसत होती तिथं दुसरी दृश्यं बसवली. हारांचा ढीग, झुंबर, जिलेबीची परात, बँडवाल्याचा पितळी भोंगा. काम असं झालं की घरातल्याही माणसाला वाटावं, या घरात धाकटी मुलगी नव्हतीच.

"घेऊन गेले. अन्‌ परत आले," मामा म्हणाले. "म्हणाले, चित्र गेलं, आवाज राहिलाय. तिची हाक राहिली होती, 'ताई, इकडं बघ' म्हणून. हारांच्या ढिगावर तिचा आवाज. ते म्हणाले, आवाजबी काढा. मी त्यावर सनई टाकली."

"मग?"

"मग पोरगी विहिरीत पडली. पाय घसरला म्हणे." मामांनी खिशातला कंगवा काढला आणि केसांना न लावताच परत ठेवला. "त्या दोघांनी तोवर काय करायचं ते ठरवलं होतं का नव्हतं, मला सांगता येत नाय. पण जितं माणूस घर सोडून जातं तेव्हा लोक भांडतात, शिव्या देतात, फोटो फाडतात. आवाजसुद्धा नको असं थंड डोक्यानं कोण म्हणतं? आधी मी काढली ताई. मग त्यांनी."

त्या दिवसापासून मला ती पाटी विनोदी वाटेनाशी झाली.

अण्णा आले ते त्यानंतरच्या लग्नसराईत. त्यांना सगळे अण्णाच म्हणत होते, म्हणून मीही तेच लिहिते. करमाडच्या पुढं त्यांचं गाव, त्याचं नाव मी लिहीत नाही. पांढरे स्वच्छ कपडे, हळू बोलणं, हातात पेढ्यांचा पुडा. बरोबर पुतण्या होता, तो बाहेर बुलेटवर बसून राहिला. अण्णांनी मलाही पेढा दिला आणि मग शेजारी गेले. माझ्या आणि मामांच्या गाळ्यामधली भिंत अर्ध्या विटेची, मला सगळं ऐकू यायचं.

धाकट्या मुलाचं लग्न होतं. लग्नात मोठ्या पडद्यावर नवऱ्या मुलाचं लहानपण दाखवायचं ठरलं होतं. जावळाची जुनी कॅसेट घरात होती. ती नीट करून हवी होती.

"फक्त त्यातली ही," अण्णा म्हणाले. कॅसेट चालू असावी. "ही पिवळ्या फ्रॉकातली. हिला काढा."

मामा म्हणाले, "पाटी वाचली नाय का अण्णा?"

"वाचली." अण्णा हसले. "माणूस नाय काढायचा मामा. पोरगी काढायची."

मी मशीन थांबवलं. मला वाटलं आता मामा त्यांना हाकलणार. लाइटवाल्याला हाकललं होतं त्यापेक्षा मोठ्यानं. पण मामांचा आवाज आला तो अगदी साधा.

"ठेवून जा. बघतो."

बुलेट गेल्यावर मी तशीच उठून गेले. "मामा, तुम्ही हो म्हणालात?"

पडद्यावर जावळाचा कार्यक्रम थांबवलेला होता. सहाएक वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, कडेवर जवळजवळ तिच्याएवढंच बाळ. कंबर एका बाजूला कलली होती, तरी बाळ खाली ठेवत नव्हती.

"नाय म्हणलो असतो तर दुसरीकडं गेले असते," मामा म्हणाले. "अन्‌ मला कळलं नसतं काय चाललंय ते. आता कळंल तरी." मग पडद्याकडे बोट केलं. "बघा ना. सगळ्या कॅसेटभर तिनं त्याला खाली सोडलेलं नाय. हिला काढायचं म्हंजे नवरदेव अर्धा कापावा लागंल."

पुढच्या दिवसांत मामा बदलले. कंगवा खिशातच राहायला लागला. यंत्रांवर ओरडणं थांबलं, आणि ओरडण्यापेक्षा ते गप्प राहणं मला नको वाटायला लागलं. पलीकडून यंत्रं मागं गेल्याचा, थांबल्याचा, सुटल्याचा आवाज यायचा. ते एक नमुना तयार करत होते. अण्णांना दाखवायला काहीतरी लागणार होतं.

अण्णा दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांची बायको बरोबर होती. तिला मामांच्या गाळ्यात नेलं नाही. "तू तुझं ब्लाउजचं बघ," असं सांगून ते आत गेले, पुतण्या पुन्हा बुलेटवर. बाई माझ्या दुकानात आली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर असा आनंद की मला आधी काही कळेचना.

तिनं पिशवीतून एक खण काढला, तिचा. मग दुसरा काढला, हिरव्या रंगाचा, फार सुंदर.

"हा माझ्या लेकीचा," ती म्हणाली. "माप नाय तिचं. पण माझ्यापेक्षा बोटभर बारीक धरा. लग्न झाल्यावर थोडी भरली असंल, तर दीड बोट नको, बोटभरच."

मी टेप हातात धरून तशीच उभी राहिले. "लेक... लग्नाला येणार आहे?"

"व्हय." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. "तिनं स्वतःच्या मनानं केलं होतं लग्न. ऋतुजा नाव तिचं. पोरगा आमच्यातला नव्हता. लई झालं त्या वक्ताला. माझा फोनसुद्धा काढून घेतला. पण आता बापाला दया आली बघा. स्वतः फोन केला तिला. झालं गेलं विसरलो म्हणले, भावाच्या लग्नाला ये. आधी तू एकटी ये, जावयाला मागून मानानं बोलावू."

भिंतीपलीकडे त्याच वेळी कॅसेट चालू झाली. बायकांची गाणी, भांड्यांचे आवाज, आणि मधूनच लहान मुलीचा आवाज, "बाळा, इकडं बघ! इकडं, इकडं!"

बाईनं मान वर केली. तिचा चेहरा फुलला. "माझीच हाय ती! जावळाची कॅसेट लावली वाटतं."

आणि मग अण्णांचा आवाज आला. "चित्र झ्याक काढलंय मामा. हार काय, पाळणा काय, कळतसुद्धा नाय. पण हा आवाज तिचा हाय."

"व्हय," मामा म्हणाले.

"आवाजबी काढा."

बाईला ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. मी हातातला टेप टाकून पंखा मोठा केला. का केला, तेही सांगता येणार नाही. बाई हिरव्या खणावरून हात फिरवत होती.

ती माणसं गेल्यावर मी मामांना सगळं सांगितलं. मामा स्टुलावर बसले. त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, ताप बघावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

"लग्नाला बोलावतोय," ते म्हणाले, "अन्‌ लग्नातल्या पडद्यावरून काढतोय."

एवढंच. पुढचं आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मामा दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन आले. तिथल्या माणसानं त्यांना बसवलं, ऐकून घेतलं, पण लिहून काय घेणार? बापाने पोरीला लग्नाला बोलावलंय. बाप कॅसेटमधून पोरगी काढून मागतोय. यात गुन्हा कोणता? काही झालं तर या, म्हणाला तो. मामा परत आले ते रस्त्याच्या कडेकडेनं. "काही झालं तर या म्हणला," त्यांनी मला सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

बाई ब्लाउज न्यायला येणार होती. तेवढीच एक संधी होती. आमच्या गाळ्यांच्या मागं एक बोळ आहे, सामायिक नळाचा. ती आली तेव्हा पुतण्या समोरच्या टपरीवर चहा घेत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "आत या वैनी, घालून बघा, बाही घट्ट वाटली तर सांगा," आणि पडद्याआड नेऊन मागच्या बोळातून मामांच्या गाळ्यात नेलं.

मामांनी सगळं जोडून तयार ठेवलं होतं. थोरलीत मूळ कॅसेट, मधलीत कापलेली. दोन टीव्ही शेजारी शेजारी. त्यांनी बटण दाबलं. दोन्ही यंत्रं मागं गेली, थांबली, बरोबर सुटली.

एका पडद्यावर ऋतुजा बाळाला कडेवर घेऊन चालत होती. दुसऱ्यावर, त्याच क्षणी, झेंडूचे हार होते. एकीकडे ती बाळाला खुळखुळा दाखवत होती, दुसरीकडे रिकामा पाळणा हलत होता. एकीकडे ती आईच्या पदराला धरून उभी होती, दुसरीकडे फक्त पदराचं टोक ओढल्यासारखं ताणलेलं. आवाज नव्हता. मामांनी तो बंद ठेवला होता.

"वैनी," मामा म्हणाले, "ही दुसरी कॅसेट लग्नात दाखवायची हाय. तुमच्या मालकांनी बनवून घेतली. लेक मांडवात बसणार असती, तर बापानं तिला काढली असती का?"

बाई रडली नाही. ती एकदा या पडद्याकडे आणि एकदा त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. मला वाटलं मामांपुढं हात पसरते आहे, पण ती मला म्हणाली, "फोन द्या."

नंबर तिला पाठ होता. पलीकडून आवाज आला, आनंदी, भरभर बोलणारा. बाई मध्येच म्हणाली, "येऊ नको."

पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

"मी सांगते म्हणून येऊ नको. बाप बोलवंल, भाऊ रडंल, येऊ नको. मी मेले म्हणून निरोप आला तरी येऊ नको." तिचा आवाज जराही हलला नाही. "घर बदला. आत्ताच. ठेवते."

फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "पुसून टाका नंबर." मग मागच्या बोळातून माझ्या दुकानात आली, स्वतःचा ब्लाउज पिशवीत घातला. हिरवा ब्लाउज मी पुढं केला, तर तिनं तो हातानं मागं सारला. "राहू द्या इथंच." आणि पदर सावरून अशी बाहेर गेली, जशी कुठलीही बाई ब्लाउज घेऊन बाहेर पडते. पुतण्यानं चहाचा ग्लास ठेवला आणि बुलेटला किक मारली.

मला वाटलं सुटलो. मामांना तसं वाटलं नव्हतं.

"आज नाय तर उद्या शोधतील," ते म्हणाले. "ज्याची चौकशी करायला कुणी नाय, ते माणूस सहज जातं ताई. सगळ्या गावानं विचारलं पायजे, पोरगी कुठंय."

अण्णांचा पुतण्या पेनड्राइव्ह घेऊन गेला. मामांनी त्याला नमुन्यातला थोडा भाग दाखवला, हार, पाळणा, सनई. त्यानं मान डोलावली. त्या पेनड्राइव्हवर काय होतं ते मला लग्न झाल्यावर कळलं. त्याच भागातली एक बाई माझ्याकडे फॉल लावायला आली होती, तिनं सांगितलं. जेवणाआधी दिवे कमी केले, मोठा पडदा लागला. पहिली काही दृश्यं हारांची, पाळण्याची. आणि मग पिवळ्या फ्रॉकातली मुलगी बाळाला घेऊन पडद्यावर आली, ती गेलीच नाही. अख्ख्या मांडवावर तिचा आवाज. "बाळा, इकडं बघ! इकडं!" नवरदेव मान खाली घालून बसला. कुणालाच बंद करायचं सुचेना. शेवटी एका म्हातारीनं सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णाची ऋतुजा ना ही? कुठं असती आता? बोलावलं नाय का तिला?" आणि तिची आई, तीच बाई, जागची उठून मोठ्यानं म्हणाली, "सुखात हाय. जिती हाय. सगळ्यांनी ध्यानात ठेवा."

फॉल लावायला आलेली बाई म्हणाली, "लई विचित्र बोलली. असं कुणी बोलतं का लग्नात?"

मी पुढचं विचारलं, त्या माउलीचं काय झालं म्हणून. घरात असते, एवढंच ती म्हणाली. बाहेर दिसत नाही.

अण्णा आले ते भर दुपारी, एकटेच. पेढे नव्हते, बाकी सगळं तसंच. पांढरे कपडे, हळू आवाज. मी कात्री हातात घेऊन भिंतीशी उभी राहिले. मदत करायला की घाबरून, सांगता येत नाही.

"मामा," अण्णा म्हणाले, "चूक झाली का मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलं," मामा म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा यंत्रांजवळ गेले असावेत.

"या मशिनी आता मिळत नाय ना कुठं?"

"नाय."

"अन्‌ दुरुस्त करणारी माणसं?"

"तीबी राहिली नाय."

"व्हय," अण्णा म्हणाले. "असंच असतं. एकेक करून संपतं सगळं." आणि ते निघून गेले. माझ्या दारावरून जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

त्यानंतर काही झालं नाही, असंच म्हणावं लागेल. कुणी मामांना हात लावला नाही, दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त समोरच्या टपरीवर रोज कुणीतरी बसायचं. माणूस बदलायचा, बसणं बदलायचं नाही. मामा गाळ्यात आले की तो मोबाइलवर बोलायचा, गेले की बोलायचा. मामी भाजीला गेल्या की बाजारात कुणीतरी त्यांच्या मागून पिशवी धरून चालायचं, काही न घेता. मामींना मामांनी लवकरच माहेरी पाठवलं. पुण्याच्या मुलाला फोन करून सांगितलं, काही दिवस इकडं येऊ नको. कारण सांगितलं नाही.

मी म्हटलं, "मामा, तुम्हीच पुण्याला जा."

"पुण्याला मुलगा हाय हे सगळ्यांना ठाऊक हाय," ते म्हणाले.

एका सकाळी मी आले तर त्यांचं शटर पूर्ण वर होतं आणि आत काही नव्हतं. मांडणी नाही, टीव्ही नाही, यंत्रं नाहीत. भिंतीवर पाटीच्या जागी फिकट चौकोन. पहाटे कधीतरी सगळं नेलं असावं, पण कुणी नेलं? मामांनी स्वतः, की दुसऱ्या कुणी? जमिनीवर वायरीचा तुकडासुद्धा नव्हता. मी टपरीकडे पाहिलं. तिथंही कुणी नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मामांचा फोन बंद लागत होता. मामींच्या माहेरचा पत्ता मला ठाऊक नव्हता. चौकीत जाऊन सांगितलं, तर त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? शेजारीण, म्हटलं. नोंद करून घेतली.

त्या उन्हाळ्यात मला भाचीच्या डोहाळजेवणाला नांदेडला जायचं होतं. सकाळच्या गाडीत बसले, खिडकीपाशी. परभणीला गाडी जरा जास्त थांबली. प्लॅटफॉर्मवर नळाशी गर्दी होती. तिथं एक उंच माणूस बाटली भरत होता. मिशा नव्हत्या, केस बारीक कापलेले, अंगात मळखाऊ शर्ट, म्हणून मला क्षणभर कळलंच नाही. मग तो वळला आणि मी खिडकीच्या गजांना धरून अर्धी उठले. हिवराळेमामा. जिवंत, धडधाकट. माझ्या तोंडून हाक निघणार होती.

त्यांनी मला पाहिलं होतं. डोळे माझ्यावर आले, ओळखीचे, अगदी ओळखीचे. आणि त्यांनी मान इतकी थोडीशी हलवली की दुसऱ्या कुणाला ती हललेली दिसलीही नसती. नको.

मी हाक गिळली. खाली बसले, पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पुन्हा नजर वर केली तेव्हा ते बाटलीचं झाकण लावत होते, सावकाश, गाडीकडे पाठ करून. त्यांच्या मागच्या बाकावर दोन माणसं बसली होती. प्रवासी असतील. सामान मात्र त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. गाडी हलली. मामा जिन्याच्या दिशेनं चालायला लागले. बाकावरचा एक जण उठला.

खिडकी पुढं सरकली आणि मध्ये मालगाडीचे डबे आले.